सगळी नवी गाणी एकसारखीच का वाटतात?

२०२५ च्या उन्हाळ्यात ‘द वेल्व्हेट सनडाउन’ नावाचा एक बँड अचानक लाखो लोकांच्या कानावर पडू लागला. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर त्याला महिन्याला दहा लाखांवर श्रोते मिळाले. थोड्याच दिवसांत उघड झालं की या बँडमध्ये गाणारी-वाजवणारी माणसं नव्हतीच, सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं तयार केलेलं होतं.

बातमी वाचून बहुतेकांनी विचारलं, यंत्र इतकं हुशार झालं? माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला. इतक्या लोकांना संशय का आला नाही? त्यातलं एक गाणं मी लावून पाहिलं. चाल वाईट नव्हती. आधी शंभर वेळा ऐकल्यासारखी मात्र होती, आणि अशा चालींची मला इतकी सवय झाली आहे की मीही ते गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं.

“हल्लीची सगळी गाणी सारखीच” ही तक्रार माझीही आहे. गाण्यावर जीव असल्यामुळे ती नुसती करून सोडून देणं मला पटत नाही. ती खरी किती, खरी असेल तर असं का होतं, आणि दोष नेमका कुणाचा, हे नीट पाहायला हवं.

तक्रार खरी आहे का?

स्पेनमधले जोआन सेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ ते २०१० या काळातल्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची ४,६४,४११ ध्वनिमुद्रणं त्यांनी संगणकाकडून तपासून घेतली. गाणी एका स्वरसमूहावरून दुसऱ्यावर कशी जातात, वाद्यांचा आणि गळ्याचा पोत किती तऱ्हांचा आहे, आणि एकूण आवाज किती मोठा आहे, हे त्यांनी पाहिलं. स्वरांचा साठा तोच राहिला होता, पण एका स्वरसमूहावरून दुसऱ्यावर जायच्या वाटा कमी झाल्या होत्या. म्हणजे शहरात रस्ते पूर्वीइतकेच आहेत, पण सगळे जण त्याच चार रस्त्यांवरून जातात. पोतांची विविधता साठच्या दशकानंतर घटत गेली होती. आणि आवाज सतत मोठा होत गेला होता.

इथेच थांबलो असतो तर तक्रार सिद्ध झाली असती. पण २०१५ मध्ये लंडनच्या मथियास माउख यांच्या गटानं अमेरिकेच्या ‘हॉट हंड्रेड’ या लोकप्रियतेच्या यादीतली १९६० ते २०१० मधली सुमारे १७,००० गाणी तपासली, आणि त्यांना अशी सलग घसरण दिसली नाही. विविधता ऐंशीच्या दशकाच्या मध्याला खाली गेली. त्या वेळी सिंथेसायझर आणि ठेका वाजवणारी यंत्रं सगळ्यांच्याच हातात आली होती. पुढे हिप-हॉप यादीत आलं आणि विविधता पुन्हा वाढली. १९६४, १९८३ आणि १९९१ ही त्यांना सापडलेली तीन मोठी वळणं.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. मोजलेली गाणी वेगळी, मोजायची रीत वेगळी, त्यामुळे उत्तरंही वेगळी आली. दोन्ही वाचून मी एवढं घेतलं की एकसारखेपणा ही उतारावरची घसरण नाही. तो येतो आणि जातो, आणि एखादं यंत्र किंवा एखादं माप सगळ्यांनी एकदम स्वीकारलं की तो जास्त येतो. शिवाय दोन्ही अभ्यास २०१० ला थांबतात. इंटरनेटवरून गाणी ऐकणं घरोघरी पोचलं ते त्यानंतर.

गाणं तीन मिनिटांचंच का?

गाण्याला माप लावणं ही आजची गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाणी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर निघत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. मैफलीत तासभर रंगणारा गायक मुद्रणाला बसला की तीन मिनिटांत आटपत असे. १९४८ मध्ये एका बाजूवर वीसेक मिनिटं मावणारी लाँग प्ले तबकडी आली, तरी तीन मिनिटांची सवय गेली नाही.

थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंतानं १९४१ मध्येच लोकप्रिय गाणी साच्यातून काढल्यासारखी असतात, एका गाण्याचा सुटा भाग काढून दुसऱ्यात बसवता येईल, अशा अर्थाची टीका केली होती. ज्या काळाला आज आपण सोन्याचा म्हणतो, त्या काळाबद्दलची ती टीका आहे.

तरीही तेव्हाच्या आणि आताच्या मापात मला एक फरक दिसतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. तबकडीनं बाहेरची चौकट ठरवली, आत काय करायचं ते गाणाऱ्यावर सोडलं. आजची मापं चौकटीच्या आत शिरली आहेत: सुरुवातीला किती सेकंद थांबायचं, सूर किती सरळ हवा, ठोका नेमका कुठे पडायला हवा, सगळं त्यांच्या ताब्यात गेलं आहे.

चार कॉर्डच्या गाण्यांवर मात्र मी खापर फोडणार नाही. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर. त्याच चार कॉर्ड फिरवत राहणारी असंख्य गाणी आहेत हे खरं, पण ब्लूज हा अख्खा संगीतप्रकार प्रामुख्यानं तीन कॉर्डवर उभा आहे आणि त्याला कुणी कंटाळवाणा म्हणत नाही. विटा सारख्या असल्या म्हणून घरं सारखी होत नाहीत.

तीस सेकंदांची परीक्षा

स्ट्रीमिंग म्हणजे गाणं विकत न घेता इंटरनेटवरून हवं तेव्हा ऐकणं. स्पॉटिफायवर गाणं किमान तीस सेकंद वाजलं तरच ते ‘एकदा ऐकलं’ असं मोजलं जातं. एकोणतिसाव्या सेकंदाला तुम्ही पुढे गेलात, तर त्या गाण्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही. आणि तीस सेकंद ओलांडले की दोन मिनिटांचं गाणं काय आणि आठ मिनिटांचं काय, मोजणी एकच.

पैशांचं वाटप समजून घेतलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. समजा तुम्ही महिन्याची वर्गणी भरलीत आणि महिनाभर एकाच गायिकेला ऐकलंत. तुमचे पैसे तिला मिळतील असं वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न एका हौदात जातं, आणि एकूण ऐकण्यात कुणाचा वाटा किती त्या प्रमाणात हौद वाटला जातो. दिवसभर मागे गाणी चालू ठेवणारा श्रोता हा हौद जास्त फिरवतो. रात्री दिवा मालवून एकच गाणं कान देऊन ऐकणारा श्रोता त्या हिशेबात जवळजवळ दिसतच नाही.

आता संगीतकाराच्या जागी बसून पाहा. लांब गाण्याला जास्त पैसे नाहीत. पहिल्या तीस सेकंदांत ऐकणारा निसटला तर काहीच नाही. मग मुखडा आधी येतो, सुरुवातीचं वादन आक्रसतं, मधला वाद्यांचा तुकडा गळतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका संशोधकानं १९८६ ते २०१५ मधली अमेरिकेतली सर्वाधिक लोकप्रिय गाणी तपासली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात गायन सुरू होण्याआधीचं वादन सरासरी वीस सेकंदांहून जास्त असे. २०१५ पर्यंत ते सुमारे पाच सेकंदांवर आलं होतं. हा सगळा दोष स्ट्रीमिंगच्या माथी मारता येत नाही, कारण घसरण त्याच्या आधीच सुरू झाली होती. पण पुढे जाण्याचं बटण अंगठ्याखाली आल्यावर ती थांबण्याचं काही कारणच उरलं नाही.

पंधरा सेकंद गेले तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. सुरुवातीचं वादन हा गाण्याचा उंबरठा असतो. तिथे कानात षड्ज बसतो, लय अंगात भिनते, आणि आवाज यायची वाट पाहिली जाते. ती वाट पाहिलेली असली की पहिला शब्द येतो तेव्हा अंगावर काटा येतो. उंबरठाच काढून टाकला तर माणूस घरात आला केव्हा हेच कळत नाही.

सूर सरळ करणारं यंत्र

अँडी हिल्डेब्रँड हे अमेरिकन अभियंते तेलक्षेत्रात काम करत. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय आहे ते ओळखायचं, हे त्यांचं गणित. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं आणि १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आलं. गाणारा कोणत्या सुरावर आहे ते हे सॉफ्टवेअर ओळखतं आणि तो सूर थोडा इकडे-तिकडे असेल तर जवळच्या नेमक्या सुरावर ओढून बसवतं. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या गाण्यात त्याचा मुद्दाम भडक वापर झाला आणि तो यंत्रासारखा तुटक आवाज जगभर गाजला.

त्या भडक वापराबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथे ऑटो-ट्यून हे एक वाद्यच आहे, आणि ते वाजवणाऱ्यांनी त्यातून नवे रंग काढले आहेत. माझं दुःख आहे ते न कळणाऱ्या वापराचं.

दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर, म्हणजे शुद्ध रिषभ आणि कोमल गंधार यांच्यामधलं, शंभर भागांत विभागलं जातं. त्या एका भागाला सेंट म्हणतात. माणूस गातो तेव्हा सुरावर थेट येत नाही. कुणी तीस सेंट खालून येतो, क्षणभर रेंगाळतो, मग सुराला टेकतो. कुणी टेकल्यावरही जरा वर जाऊन परततो. आपण ज्याला ‘आवाजातली ओढ’ म्हणतो ती बऱ्याचदा याच तीस-चाळीस सेंटांमध्ये असते. डोळे मिटून आपल्या आवडत्या गायिकेचा आवाज दोन शब्दांत ओळखता, त्यात याचा मोठा वाटा आहे. यंत्राला मात्र ती ओढ म्हणजे चूक वाटते. यंत्र घाईनं आणि सरसकट चालवलं की ती पुसली जाते, आणि दहा गळे दहा गावचे असूनही एकाच घरचे वाटू लागतात.

ठेक्याचंही तेच. स्टुडिओत काळाची आखणी करणाऱ्या रेघा संगणकाच्या पडद्यावर असतात, त्याला ग्रिड म्हणतात. वादकाचा ठोका रेघेच्या किंचित आधी किंवा नंतर पडला तर तो एका क्लिकमध्ये रेघेवर सरकवता येतो. पण चांगला ड्रमवादक मुखडा जवळ आला की नकळत थोडा पुढे झुकतो, आणि अंतऱ्यात जरा मागे रेलून बसतो. गाणं श्वास घेतंय असं वाटतं ते त्यामुळे. सगळे ठोके रेघेवर बसवले की वेळ चुकत नाही, आणि श्वासही उरत नाही.

आवाजाची चढाओढ

दोन गाणी लागोपाठ लावली तर ज्याचा आवाज थोडा मोठा, ते कानाला जास्त चांगलं वाटतं. ही मानवी कानाची सवय ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रश्न असा की डिजिटल मुद्रणात आवाजाला एक छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही. मग मोठा आवाज कसा काढायचा? मोठे भाग दाबायचे, आणि मग सगळंच वर ढकलायचं. याला कम्प्रेशन म्हणतात. कुजबुज आणि आरोळी यांच्यातलं अंतरच मिटतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. ध्वनी दाखवणाऱ्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये सत्तरच्या दशकातलं एखादं गाणं उघडा. पडद्यावर डोंगररांग दिसते, कुठे सपाटी, कुठे दरी, कुठे एकटाच सुळका. मग २००५ च्या आसपासचं एखादं गाजलेलं गाणं उघडा. एक लांबलचक वीट दिसते, वरून-खालून कापलेली. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काही गाणी ऐकून डोकं का दुखतं ते मला समजलं. त्यांत विसावाच नव्हता.

२००८ मध्ये मेटालिका या बँडचा नवा अल्बम इतका दाबलेला निघाला की हजारो चाहत्यांनी तो पुन्हा नीट मिसळून द्या अशी लेखी मागणी केली. एका व्हिडिओ गेममध्ये त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती होती, त्यामुळे काय हरवलं ते लोकांना शेजारी-शेजारी ठेवून ऐकता आलं.

इथे एक चांगली बातमी आहे. आता बरेच स्ट्रीमिंग मंच सगळी गाणी जवळपास एकाच पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे विटेसारख्या गाण्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि दाबण्याचा फायदा उरत नाही. तरी सवय सुटलेली नाही. गोंगाटात, फोनच्या इवल्या स्पीकरवर वाजायचं तर हळू जागा ऐकूच येत नाहीत, ही अडचणही खरी आहे.

“पण लोकांना हेच आवडतं ना?”

हा आक्षेप सगळ्यांत जोरदार आहे, आणि त्याला उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. १४,३४१ जणांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. इतरांना आठ स्वतंत्र ‘जगांत’ वाटलं होतं, आणि तिथे आपल्या जगातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तेही दिसत होतं.

गाणी तीच, पण प्रत्येक जगात पहिला क्रमांक सारखा आला नाही. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं काय होईल ते सांगताच येत नव्हतं. सुरुवातीला थोड्या लोकांनी काय निवडलं, यावर पुढच्यांची निवड रचली जात होती. लोकांना आवडलं म्हणून वर गेलं हे अर्धं खरं. वर दिसलं म्हणूनही लोकांना आवडलं.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. त्यामुळे काय वाजवायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात आवडही थोडीफार असते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती रेडिओ केंद्रं बाळगावीत याची मर्यादा काढली, आणि काही वर्षांत एकाच कंपनीकडे बाराशेच्या वर केंद्रं गेली.

मोजणी बदलली की ‘लोकांची आवड’ कशी बदलते, याचं माझं आवडतं उदाहरण १९९१ चं आहे. तोवर अमेरिकेतली ‘बिलबोर्ड’ची यादी दुकानदारांच्या तोंडी माहितीवर बनत असे. त्या वर्षी मे महिन्यात अल्बमच्या यादीसाठी विक्रीची प्रत्यक्ष नोंद वापरायला सुरुवात झाली. महिन्याभरातच एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर होता, आणि कंट्री हे अमेरिकेतल्या ग्रामीण भागातून आलेलं संगीतही भराभर वर आलं. श्रोते रातोरात बदलले नव्हते. ते आधीपासून होतेच, मोजले जात नव्हते.

“हे तुमच्या वयाचं दुखणं आहे”

थोडं आहे, मान्य करतो. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात लोकांना सर्वाधिक आवडलेली गाणी त्यांच्या वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या सुमाराची निघाली. शिवाय जुन्या काळातली टाकाऊ गाणी काळानं गाळून टाकली आहेत. आपण जुन्यातलं निवडक आणि नव्यातलं सरसकट अशी तुलना करतो, आणि ती अन्यायाची आहे.

पण डोंगररांगेची वीट झाली ती कुणाच्या वयामुळे नाही. वीस सेकंदांचे पाच झाले ते स्मरणरंजन नाही.

“चांगलं संगीत आजही होतंच की”

होतंच. कदाचित कधी नव्हे इतकं. स्ट्रीमिंग मंचांवर रोज एक लाखाच्या आसपास नवी गाणी चढतात. खोलीत बसून एकटीनं अख्खा अल्बम करणारी मुलगी तीस वर्षांपूर्वी शक्यच नव्हती. दुष्काळ संगीताचा नाही, वाटेचा आहे. त्या लाखातलं तुमच्यापुढे काय ठेवायचं हे अल्गोरिदम ठरवतो. अल्गोरिदम म्हणजे तुम्ही काय ऐकलंत, काय मध्येच सोडलंत, तुमच्यासारख्यांनी काय ऐकलं यावरून पुढचं सुचवणारा संगणकी नियम. तुम्ही बटण दाबून पुढे जाऊ नये, हा त्याला मोठा निकष. न दुखवणारं, न अडखळवणारं गाणं त्या निकषावर सहज पास होतं. स्पॉटिफायनं २०२० मध्ये अशीही सोय आणली की कलाकारानं कमी मानधन स्वीकारलं तर त्याचं गाणं सुचवण्यांत जास्त येऊ शकतं.

पण वाट मिळाली की काय होतं तेही पाहा. केट बुश यांचं १९८५ चं एक गाणं २०२२ मध्ये एका गाजलेल्या मालिकेत वाजलं आणि सदतीस वर्षांनी ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. ते उचलून धरणाऱ्या कितीतरी जणांचा जन्मही १९८५ मध्ये झालेला नव्हता. त्यांच्या कानांत काहीच खोट नव्हती.

मग ऐकणाऱ्याच्या हातात काय उरतं?

वाटपाची पद्धत बदलता येते. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग मंचानं २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी श्रोत्याचे पैसे त्यानं ऐकलेल्यांनाच देण्याची रीत सुरू केली. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर अल्बम विकत घेतला तर किमतीचा मोठा भाग कलाकाराला जातो. आपोआप पुढचं गाणं लावण्याची सोय बंद करता येते, नाव टाकून गाणं शोधता येतं, अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकता येतो. मी हे सहा महिने करून पाहिलं. पहिले काही आठवडे हात सारखा पुढे जायच्या बटणाकडे जायचा. आता सुरुवातीचं वादन लांबलं तरी मी बसून राहतो.

२०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मुद्रणाचं मानधन मिळत नाही. ज्या लाखो गाण्यांना अजून श्रोता मिळायचा आहे, त्यांच्यासाठी हे माप फार कठोर आहे. पण आकडा छोटा आहे हेही खरं. वर्षभरात नऊशे नव्वद वेळा वाजलेलं गाणं त्या रेघेपासून दहा ऐकण्यांच्या अंतरावर असतं, आणि ती दहाही एकाच माणसाची असू शकतात.